सुकाणूपुढची फळी

१

दातांच्या डॉक्टरांनी गुरुवारी सकाळी आपल्या शिडाच्या होडीवरची ताडपत्री मागे सारली, सुकाणूच्या चाकाकडे पाहिलं आणि ते तसेच उभे राहिले. मंगळवारी संध्याकाळी चाकापुढे जीपीएसवरचा नकाशा दाखवणारा नवाकोरा पडदा बसवला होता. आता तिथे पडदा नव्हता. त्याच्या जागी एक लाकडी फळी होती.

"ताई, हे काय आहे?"

वायरताई धक्क्यावरून उडी मारून होडीवर आली. गोदीत तिला सगळे वायरताईच म्हणत. बावीस वर्षं ती होड्यांच्या पोटात शिरून वायरी ओढत होती, आणि तिनं जोडलेलं यंत्र भर समुद्रात बंद पडलं असं आजवर एकदाही झालं नव्हतं. डॉक्टर आणि त्यांची बायको उद्या सकाळच्या भरतीला अकरा महिन्यांच्या सफरीवर निघणार होते. त्यासाठीच तिनं आठवडाभर खपून पडदा बसवला होता. शेजारी होडी आपोआप दिशेवर धरणाऱ्या ऑटोपायलटची बटणपेटी बसवली होती, मागच्या कठड्यावर जीपीएसचा अळंबीएवढासा अँटेना लावला होता, आणि चाकाच्या पोकळ खांबातून सगळ्या वायरी खाली केबिनमध्ये नेल्या होत्या.

आता पडदा नाही, पेटी नाही, अँटेना नाही. खांबातली वायरसुद्धा कुणीतरी ओढून नेली होती.

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. "केबिनला कुलूप तसंच आहे. चाव्या तीन. एक माझ्या खिशात, एक गेटवरच्या पहारेकऱ्याकडे, एक तुमच्या शेडमधल्या खिळ्याला. काल दिवसभर आम्ही घरी सामान बांधत होतो. तुम्ही कुठे होतात?"

"त्या टोकाला. दुसऱ्या होडीच्या डोलकाठीवर, दिवा बसवत होते."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"कोणी पाहिलं?"

डोलकाठीवर लटकलेल्या बाईकडे मान वर करून कोण बघतं?

"चार वाजेपर्यंत वस्तू मिळाल्या नाहीत तर मी पोलिसात जाणार," डॉक्टर म्हणाले आणि फोन काढून विमा कंपनीला फोन लावू लागले.

तिनं खाली केबिनमध्ये जाऊन पाहिलं. चोरानं काहीही तोडलं नव्हतं. कापलं नव्हतं, फक्त पडद्याचा फ्यूज काढून नेला होता. बॅटरीची वायर आधी सोडवून बाजूला बांधून ठेवली होती, म्हणजे काम करताना ठिणगी उडू नये. तळातून येणाऱ्या खोलीमापकाची वायर काही काढता येण्याजोगी नव्हती. तिचं टोक कापडी पट्टीनं गुंडाळून, वर मेणाचा दोरा आवळून, दोन्ही वायरींना पेन्सिलीनं आकडे घातलेल्या चिठ्ठ्या लावल्या होत्या.

ती पुन्हा वर आली. फळी भोकावर अगदी मापात बसली होती. कडेच्या फटीत लांबीचा लगदा भरला होता, आत पाणी जाऊ नये म्हणून. आठ पितळी स्क्रू. आठांच्याही डोक्यावरची खाच उभी होती, एकाही खाचेचा कल इकडेतिकडे नव्हता. खारं पाणी खाचेत साचू नये, ओघळून जावं, म्हणून असे स्क्रू लावणारा माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिला होता.

तिनं फळीवर तळहात ठेवून ते स्क्रू झाकले, जणू कुणी बघू नये.

२

विम्याचा माणूस दहा वाजता आला. गोल अंगाचा, हळू बोलणारा, आणि धक्क्याला बांधलेल्या होडीवर पाऊल ठेवताच पांढराफटक पडणारा. "मला पाणी सोसत नाही," तो कसनुसं हसून म्हणाला, "आणि कंपनी मला होड्यांवरच पाठवते." तरी तो गुडघे टेकून फळीसमोर बराच वेळ बसला. मग केबिनमध्ये उतरला, चिठ्ठ्या पाहिल्या, आणि घाईघाईनं तरंगत्या धक्क्यावर येऊन एका उलट्या बादलीवर बसून राहिला. एकेकाला तिथेच बोलावून विचारायला त्यानं सुरुवात केली.

पहारेकरी म्हणाला, "परकं कुणी आलं नाही साहेब. रोजचीच माणसं. चावी माझ्या गळ्यात असते, अंघोळीलासुद्धा काढत नाही."

नवरा चार पावलं लांब गेल्यावर डॉक्टरांच्या बायकोनं आवाज खाली केला. "खरं सांगू? फळी पाहिली आणि मला बरं वाटलं. अकरा महिने पाण्यावर! मला नको म्हणायची हिंमत होत नव्हती. पण मी नाही हो काढलं. मला घरातला बल्बसुद्धा बदलता येत नाही."

तिसरा वायरताईचा धाकटा भाऊ. गेटबाहेर त्याचं होड्यांच्या जुन्या सामानाचं दुकान होतं, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा आपोआप तिकडे वळल्या होत्या. "दुकान उघडं आहे, जाऊन बघा," तो चिडून म्हणाला. "पेटी न् पेटी उघडून बघा." विम्याच्या माणसानं खरंच जाऊन पाहिलं. काही सापडलं नाही.

जाताना भावानं बहिणीला बाजूला घेतलं. "ताई, बाबांना तू अजून रोज इथे का आणतेस?"

"त्यांना घरी करमत नाही."

"परवा मला दुकानात येऊन विचारत होते, इथे पूर्वी एक मुलगा बसायचा तो कुठे गेला म्हणून. मलाच विचारत होते! मी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या त्या केंद्रात बोलून ठेवलंय. चांगली माणसं आहेत तिथली. तू एकटी कुठवर पुरणार?"

"आज नको," ती म्हणाली. "हात जोडते, आज हा विषय नको."

बाबांना स्मृतिभ्रंश असल्याचा दवाखान्यातला कागद दीड वर्षापासून तिच्या कपाटात पडून होता. तिनं तो कुणालाही दाखवला नव्हता. बाबांनी चाळीस वर्षं याच गोदीत वायरी ओढल्या, तिला हातात पक्कड धरायला शिकवलं. ते शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले की येणारेजाणारे रामराम करत. कधी ते उठून आवारात फेरी मारत, मागे मोडक्या होड्यांच्या रांगेपर्यंत जात आणि परत येत. एवढं त्यांचं शिल्लक होतं. ते कसं काढून घ्यायचं?

ती शेडमध्ये गेली. बाबा खुर्चीत बसले होते, बोटांना मेण लागलेलं.

"बाबा, काल दुपारी कुठे होतात?"

"कामावर."

"कुठल्या कामावर?"

"अगं, कामावर म्हणजे कामावर. काय विचारतेस लहान पोरीसारखं?"

"डॉक्टरांच्या होडीवरचा पडदा तुम्ही काढलात का? रागावणार नाही मी. कुठे ठेवलाय तेवढं सांगा."

"कुठले डॉक्टर?" त्यांनी तिच्याकडे इतक्या निर्मळ नजरेनं पाहिलं की तिला पुढे विचारवेना.

तिनं शेड उलथीपालथी केली. फडताळं, पिंपं, वायरींची वेटोळी, सगळं. धावत घरी जाऊन पलंगाखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं. काही नाही. परत आली तेव्हा बाबांनी विचारलं, "आज वार कोणता?"

"गुरुवार."

त्यांचा चेहरा उजळला. "मग एक दिवस आहे अजून," ते म्हणाले.

३

दोन वाजले होते. वायरताई बादलीवर बसलेल्या विम्याच्या माणसासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, लिहून घ्या. मीच काढलं."

त्यानं वही उघडली नाही. "बरं. आणि ठेवलं कुठे?"

"पाण्यात टाकलं."

"का?"

"जोडणीत चूक राहिली होती. उद्या डॉक्टरांच्या लक्षात आली असती. नाव गेलं असतं माझं."

"नाव जाऊ नये म्हणून चोरी केलीत," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "फळी तुम्हीच लावलीत?"

"हो."

"तुमचा पेचकस बघू."

तिनं कमरेच्या पिशवीतून काढून दिला. त्यानं टोक बोटावर फिरवलं. चांदणीच्या आकाराचं होतं. "सपाट टोकाचा?"

"तो... शेडमध्ये असेल."

"तुमच्या पिशवीत सात टोकं आहेत, सपाट एकही नाही. कारण तुम्ही खाचेचे स्क्रू वापरतच नाही. या होडीवर तुम्ही लावलेले सगळे स्क्रू मी पाहिले. एकूण एक चांदणीचे, पोलादी. फळीवरचे मात्र पितळी, खाचेचे." त्यानं ओठांवरून हात फिरवला, बादलीवर बसूनही त्याला मळमळत असावं. "फ्यूजच्या पेटीवर तुम्ही नावं छापील पट्टीनं लावलीत. चिठ्ठ्यांवरचे आकडे पेन्सिलीचे आहेत, हात किंचित थरथरलेला. विमा कंपनीत येण्याआधी सोळा वर्षं मी घड्याळं दुरुस्त करायचो, ताई. मागचं झाकण उघडलं की आधी कोणाचा हात फिरून गेलाय ते कळायचं. नाव माहीत नसलं तरी हात ओळखता यायचा."

"मी सांगते ना, मीच—"

"तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय. आणि ज्याला घालताय त्याचा हात तुमच्यापेक्षा चांगला आहे." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला हे काम कुणी शिकवलं?"

तिनं शेडकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. तरी मान तिकडे वळलीच. दारातली खुर्ची रिकामी होती.

४

तिनं सगळं सांगून टाकलं. कागद, दीड वर्ष, घरात सगळीकडे चिकटवलेल्या सूचना, सकाळचं ते निर्मळ बघणं. "त्यांना पोलिसांनी विचारलं तर ते काय सांगणार? आणि भाऊ आजच्या आज घेऊन जाईल त्यांना. मी कुणाला अडवू आणि कशाच्या जोरावर अडवू?"

"आधी वस्तू शोधू," तो उठत म्हणाला. "चला, शेड दाखवा."

शेडमध्ये पोचल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. जमीन हलत नव्हती. तो कामाच्या टेबलापाशी उभा राहून स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागला.

"विकणारा माणूस पडदा नेतो. वायर कशाला नेईल? फ्यूज कशाला नेईल? यांनी अँटेना नेला, त्याची वायर नेली, फ्यूज नेला. म्हणजे ते विकायला नेलेलं नाही. लावायला नेलंय. आणि मागे राहणाऱ्या होडीत पाणी शिरू नये म्हणून फळी लावली. चोरी केल्याची भावनाच नाही त्यांच्या मनात. एका होडीवरचं काम दुसऱ्या होडीवर हलवलंय, इतकंच. मग दुसरी होडी कुठली?"

"पाण्यावरच्या सगळ्या होड्या मी बघून आले. कुठेही नाही."

"पडद्यासाठी भोक कसं पाडतात?"

"चार कोपऱ्यांना गोल करवतीनं भोकं, मग मधल्या रेघा कापायच्या." ती खिळ्याला टांगलेली गोल करवत काढून त्याला दाखवू लागली आणि थांबली. "ही मी सोमवारी पुसून ठेवली होती."

करवतीच्या दातांत भुसा अडकला होता. लाकडाचा. डॉक्टरांची होडी फायबरची; तिचा पांढरा भुगा पडतो. विम्याच्या माणसानं एक कपटा नखानं काढून उजेडात धरला. लाकडाच्या एका बाजूला रंगाचा पापुद्रा होता.

"निळा," तो म्हणाला. "गोदीत निळी लाकडी होडी आहे?"

"नाही. पाण्यावर तर—" ती शेडच्या दारातून मागच्या मोडक्या होड्यांच्या रांगेकडे पाहू लागली.

"सकाळी ते आणखी काही बोलले का?"

"वार विचारला. गुरुवार म्हटल्यावर म्हणाले, अजून एक दिवस आहे."

"म्हणजे उद्या कुणीतरी निघणार आहे. पण उद्या निघणाऱ्या डॉक्टरांचं तर त्यांनी काढून घेतलं. मग त्यांच्या लेखी निघणारा दुसराच कुणीतरी आहे. शुक्रवारी निघणारा."

"निघाला होता," वायरताई म्हणाली. "चोवीस वर्षांपूर्वी."

बाबांचा मित्र, शाळेत भूगोल शिकवायचा. त्यानं निळ्या रंगाची लाकडी होडी स्वतःच्या हातानं बांधली होती. तिच्यावर खोलीमापक आणि जीपीएस बसवायचं काम बाबांकडे होतं. त्याच आठवड्यात तिची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. बाबा म्हणाले, दोन दिवस थांब. मास्तर म्हणाला, शुक्रवारची भरती गेली तर सुटी संपेल, मी नजरेनं जाईन. शुक्रवारी दुपारी धुकं उतरलं. होडी खडकांवर सापडली. मास्तर सापडलाच नाही. होडी ओढून आणली, कुणी तिच्यावर हक्क सांगायला आलं नाही, आणि मागच्या रांगेत लाकडी टेकूंवर ती तेव्हापासून उभी होती.

"बाबा त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत," ती म्हणाली. "आईबद्दल बोलायचे. त्याच्याबद्दल कधीच नाही."

शेडबाहेर पावलं वाजली. डॉक्टर आणि त्यांची बायको दारात उभे होते. डॉक्टरांच्या हातात फोन होता.

"चार वाजत आलेत," ते म्हणाले.

५

चौघंही मागच्या रांगेकडे गेले. निळ्या होडीला शिडी लावलेली होती. खाली शेडमधली हातगाडी उभी होती, बॅटरी वाहून आणलेली.

वायरताई आधी चढली. होडीच्या कुशीत अजूनही भगदाड होतं, त्यातून खालचं गवत दिसत होतं. पण सुकाणूपुढची लाकडी पाटी स्वच्छ पुसलेली होती आणि तिच्यात पडदा बसवलेला होता. असं काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. कडेला केसाएवढी फट नाही. वायरी एका रांगेत, वीतभर अंतरावर मेणाच्या दोऱ्यानं बांधलेल्या. खाली झोळ दिलेला, पाणी यंत्रात न जाता तिथून गळून पडावं म्हणून. पडदा चालू होता. नकाशावर होडीचं चिन्ह किनाऱ्याच्या आत, कोरड्या जमिनीवर उभं होतं, आणि खोलीच्या चौकटीत नुसत्या तीन आडव्या रेघा.

बाबा चाकाशेजारी बसले होते. "आलीस? खोलीचं तेवढं राहिलंय. उद्या सकाळपर्यंत होईल. त्याला सांग, आता नजरेनं जायचं कारण नाही."

डॉक्टर शिडीवर अर्ध्यात थांबले होते. त्यांनी तो पडदा पाहिला, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली उतरले. त्यांच्या बायकोनं विम्याच्या माणसाला विचारलं, "यांना काही होणार नाही ना?"

"मी लिहीन की वस्तू आवारातच होत्या, चोरी झालेली नाही," तो म्हणाला. "एवढंच माझ्या हातात आहे."

डॉक्टर खालून मान वर करून हळू आवाजात म्हणाले, "ताई, मला तक्रार करायची नाही. पण उद्या निघायचंय आम्हाला. ते परत लागेल."

ते खरंच होतं. त्यांचं चूक नव्हतंच. तिनं आतापर्यंत मनातल्या मनात ज्याला ज्याला दोष देऊन पाहिला, त्यातल्या कुणाचंच चूक नव्हतं. भाऊ गेटवरून चालत येताना दिसत होता. पहारेकऱ्यानं त्याला कळवलं असणार. आता कागद लपवण्यात अर्थ नव्हता.

तिनं बॅटरीची वायर सोडवली. पडदा काळा झाला.

"काय करतेस?" बाबा ताडकन उठले. "काढू नकोस! तो उद्या निघणार आहे."

"बाबा, तो निघाला. परवाच गेला."

"गेला? हे न घेता?"

"घेऊन गेला. सगळं घेऊन गेला. सुखरूप पोचला."

बाबांनी पडद्यावर हात ठेवला. मग सुकाणूच्या चाकावर. मग खाली वाकून भगदाडातून दिसणाऱ्या गवताकडे पाहिलं. चाळीस वर्षं बंद पडलेल्या यंत्रांचा दोष शोधलेला तो माणूस होता. एका टोकापासून वायर धरायची आणि दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, मध्ये उडी मारायची नाही, हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

"तो होडीतनं गेला," ते सावकाश म्हणाले, "आणि होडी इथे आहे."

तिनं हातातली बॅटरीची वायर खाली ठेवली.

"होडी फुटलेली आहे. लाकूड आतल्या बाजूला वळलंय, म्हणजे खडक." त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "मोडलेल्या कडा काळ्या पडल्यात. हे आजचं नाही. खूप जुनं आहे." त्यांनी मान वर केली. "पोरी, तो गेला का गं?"

"हो, बाबा."

"कधी?"

"चोवीस वर्षं झाली."

ते खाली बसले. बातमी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे बसले, आणि त्यांच्यापुरती ती पहिलीच वेळ होती. मास्तरासाठी ते तेव्हा रडले नव्हते. घरात दुसरं मरण होतं. आता रडले. मोठ्यानं नाही, नुसते खांदे हलत होते. ती शेजारी गुडघ्यांवर बसून राहिली. खालून कुणी हाक मारली नाही. भाऊ शिडीपाशी येऊन थांबला होता, त्यानंही नाही.

"त्याच्या बायकोला कुणी सांगितलं?" बऱ्याच वेळानं बाबांनी विचारलं.

"तुम्हीच गेला होतात. आईचं तेरावं व्हायच्या आत."

"बरं केलं," ते म्हणाले. "आणि हे कुणाचं आहे मग?"

"एका दांपत्याचं. ते उद्या निघणार आहेत."

"त्यांना लागेल ना हे?"

"हो."

त्यांनी बाहीनं डोळे पुसले, गुडघ्यांवर जोर देऊन उठले आणि पडद्याच्या दोन्ही कडा तळहातांनी धरल्या. "सोडव. एकटीनं काढशील तर काच खाली पडेल."

ती एकेक स्क्रू सोडवू लागली. त्यांचे हात आता अजिबात थरथरत नव्हते.

"उद्या मी विसरलो तर," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "पुन्हा सांगू नकोस मला."

"नाही सांगणार, बाबा."

"विचारलं तरी?"

ती शेवटच्या स्क्रूपाशी थांबली. खाली भाऊ शिडीच्या दोन्ही दांड्या घट्ट धरून उभा होता, बाबा उतरताना ती हलू नये म्हणून.